कोरं, चालंल, बाद

किस्से हरळीसारखे असतात बघा, कुणी पेरत नाही तरी माजतात! आमचे माजले बारामतीत, तात्यांच्या टेलरिंगच्या दुकानात. नव्वदचं दशक होतं. बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची कार्डं यायची आणि आम्ही कॉलेजात जाणारे घोडे त्यांची अदलाबदल करायचो. भांडणं नकोत म्हणून माळेगावच्या दत्तूला पंच केलं. कार्ड बघून तो निकाल द्यायचा: 'कोरं', 'चालंल' किंवा 'बाद'. एका कोऱ्याला दोन 'चालंल' द्यावी लागत.

पंचाकडंही कार्डं होती, हे आमच्या डोक्यातच आलं नाही!

*

दत्तूचं स्वतःचं प्रत्येक कार्ड कोरं! एकदा एका बॅट्समनच्या कपाळावरून सरळ घडी गेलेली. मी बोट ठेवलं.

"घडी न्हाय ती," दत्तू म्हणाला, "फॉलोऑन हाय, टेन्शन आलंय त्याला!"

*

कळसच्या पोपटचं एक कार्ड त्यानं 'चालंल' ठरवलं, स्वस्तात घेतलं आणि पुढच्या रविवारी 'कोरं' म्हणून खपवलं. पोपट कंबरेवर हात ठेवून उभा.

"आठवड्यात बरं झालं व्हय रं? कुठल्या दवाखान्यात नेलंतंस?"

*

मग ठरलं, कार्ड कुणाचं ते पंचाला कळायलाच नको. सगळी कार्डं तात्यांच्या टोपीत टाकायची आणि त्यानं एकेक काढायचं. झकास आयडिया! फक्त टोपीत तात्यांचं खोबरेल मुरलेलं. संध्याकाळपर्यंत सगळ्यांची सगळी कार्डं बाद!

तात्या म्हणाले, "आता झाला का न्हाय सारखा न्याय?"

*

पुन्हा नवी कार्डं जमवली, आणि खरी परीक्षा पुढं आली. काटेवाडीचा विलास कप्तानाच्या कार्डापायी येडा झालेला. म्हणाला, "कप्तानाचं कोरं कार्ड द्या, माझी बॅट घ्या." खरी, लेदर बॉलची बॅट! पोपट गावाकडं फळी तासून खेळायचा. त्या बॅटवर नुसता हात फिरवला तरी त्याचा चेहरा उजळायचा, बघून आम्हालाच गलबलायचं.

कप्तान दोघांकडंच होता. एक पोपटकडं, दुसरा दत्तूकडं! आणि पंच कोण? दत्तूच!

"तात्यांनी मांडावीत कार्डं," दत्तू मोठ्या मनानं म्हणाला. "मी तिकडं पाठ फिरवून बसतो."

तात्यांनी दोन्ही कार्डं टेबलावर डावी-उजवी मांडली. दत्तू वळला. दोन्ही उन्हात धरली, कोपरे चाचपले, हुंगलीसुद्धा! आम्ही टेबलावर वाकलेलो. पोपटनं तर डोळेच मिटलेले.

"डावं कोरं. उजवं बाद. एकदम बाद!"

"डावं पोपटचं," तात्या म्हणाले.

पोपटनं बॅट छातीशी धरली आणि रडायलाच लागला. आम्ही टाळ्या पिटल्या. असा पंच तालुक्यात न्हाय, म्हणून दत्तूला खांद्यावर घ्यायला गेलो, तर तो तात्यांवरच ओरडला, "तात्या, तुमी तर डावं माझं म्हणाला हुता!"

तात्यांनी सुईत दोरा ओवला.

"म्हणालो हुतो."