शेवटच्या कापाआधी

रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर बाबांनी तिकडेच उत्तरेत, अमौसी विमानतळाजवळ एक शेड भाड्याने घेतली आणि संगणकावर चालणारं एक जुनं मिलिंग मशीन आणून ठेवलं. साताऱ्याचे नातेवाईक म्हणाले, आता तरी गावी या. बाबांनी कानाडोळा केला. मी नोकरी सोडून त्यांच्या हाताखाली गेले. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, हे मशीन आंधळं आहे. लोखंडाचा तुकडा कुठे बांधलाय ते त्याला दिसत नाही. त्याचा एक कोपरा आपण दाखवून द्यायचा, हे तुझं शून्य म्हणून. मग प्रोग्रॅममधले आकडे त्या शून्यापासून मोजत कटर फिरतं. शून्य चुकलं, तर तेवढ्याच इमानदारीने भलतीकडे घुसतं.

त्यांच्या दोन सवयी होत्या. नवा प्रोग्रॅम आधी हवेत चालवायचा, कटर वर उचलून. आणि शेवटच्या कापाआधी थांबायचं. ते थांबणंही प्रोग्रॅममध्येच लिहिलेलं असे. कटर स्तब्ध, त्याला गार ठेवणारं पाणी बंद, पिवळा दिवा लागलेला. बाबा हातातला चहा बाजूला ठेवून सावकाश यायचे, माप घ्यायचे आणि मगच बटण दाबायचे. मला त्या थांबण्याचा भयंकर वैताग यायचा. ‘माप तर रोज बरोबरच येतं,’ मी करवादायची. ते नुसते हसायचे.

धुक्याच्या दिवसांत बाबा गेले. हृदयच बंद पडलं. शेड मी चालू ठेवली. काम त्यांच्याच प्रोग्रॅमवर चालायचं, आणि दर तुकड्याला शेवटच्या कापाआधी मशीन गप्प व्हायचं. वरून एखादं विमान उतरत गेलं की त्यानंतरची शांतता जास्तच अंगावर यायची. मला भीती वाटायची, खरीखुरी. मागून चपलांचा आवाज येईल असं वाटे आणि मान वळवायचं धाडस होत नसे. तरी ती थांबण्याची ओळ खोडायला हात धजेना. त्यांचं तेवढंच तर उरलं होतं.

मग पडद्यावर बॅटरी संपत आल्याची खूण लुकलुकायला लागली. त्या जुन्या मशीनची सगळी स्मृती बॅटरीवर टिकते, म्हणून बॅटरी मशीन चालू ठेवूनच बदलायची असते. त्या दुपारी आई नेहमीसारखी आलमबागच्या घरून मेट्रोने डबा घेऊन आली होती. मी जुनी बॅटरी काढली. नवी बसवणार, तोच आईने माझा हात मशीनच्या विजेच्या उघड्या पेटीत पाहिला. आमच्या घरी साधा बल्ब बदलायचा तरी बाबा आधी मेन स्विच पाडायला लावत. आईने तेच केलं.

पडदा काळा झाला.

‘चालू करंटमध्ये हात घालतात का?’ आई म्हणाली. ‘ते असते तर केवढे ओरडले असते.’

दुरुस्तीवाला आला. मशीनचे मूळ आकडे त्याच्याकडच्या कार्डावर होते, ते त्याने परत भरले. ‘बाकी प्रोग्राम सब उड़ गए, मैडम,’ तो म्हणाला. बाबांनी लिहिलेलं काहीच राहिलं नव्हतं.

तो गेल्यावर आईने विचारलं, ‘माझ्यामुळे गेलं का गं?’

‘नाही, बॅटरी खराब होती,’ मी म्हटलं. आतून तिच्यावर इतकी चिडले होते की तिच्याकडे बघवत नव्हतं.

ड्रॉइंग समोर ठेवून रोजच्या कामाचा प्रोग्रॅम मी नव्याने लिहिला. थांबण्याची ओळ लिहिली नाही. ती शांतता मला पुन्हा नको होती. दुसऱ्या दिवशी आई डबा घेऊन आली तेव्हा मी तो हवेत चालवून बघत होते. ती बाबांच्या स्टुलावर बसली. खाली तुकडा नव्हता, आणि कटर त्या नसलेल्या तुकड्याच्या कडेकडेने फिरत होतं. ते शेवटच्या फेऱ्यासाठी वळलं तशी आई उठून उभी राहिली.

‘इथे थांबतं ना ते?’

मी पडद्यावरची नजर काढून तिच्याकडे पाहिलं.

‘इथेच थांबायचं. मी डबा घेऊन आलेली असले की ते उठायचे आणि चहाचा ग्लास माझ्या हातात द्यायचे, धर जरा म्हणून.’

मी मशीन थांबवलं आणि ती ओळ लिहिली. पुन्हा पहिल्यापासून चालवलं. शेवटच्या कापाआधी मशीन गप्प झालं, पिवळा दिवा लागला. मी या वेळी मान वळवली. आईने ग्लास धरायला हात पुढे केला होता.