बंद स्नानगृहातला आवाज

इस्सिक-कुलचं तळं कधी गोठत नाही. हिवाळ्यात त्याच्यावरून वाफ उठते आणि भरदुपारीसुद्धा आमचं आरोग्यधाम तिच्यात असं बुडतं, की समोरून येणारं माणूस आधी खोकल्यावरून ओळखावं लागतं. बहुतेक पाहुणे शरदातच निघून जातात. लांबलचक रिकाम्या वऱ्हांड्यांत मग आम्ही मोजकी माणसं उरतो. स्वयंपाकघरात मी, बॉयलरवर शेरगाझी, लेपगृहात त्याची बायको सायराकुल, मालिशला एखादी पोरगी आणि संचालक.

सायराकुलला आम्ही एजे म्हणायचो, म्हणजे ताई. ती काठावरचा काळा चिखल गरम करून आजारी माणसांच्या गुडघ्यांना, पाठीला थापायची. हाताचा सडक्या अंड्यासारखा वास काही केल्या जात नसे. "नवरा जेवताना माझ्याकडं पाठ करून बसतो, आणि वर म्हणतो जीव आहे तुझ्यावर!" असं सांगून खदखदून हसायची.

लेपगृहाच्या भिंतीपलीकडं जुनं स्नानगृह होतं, कायमचं कुलूपबंद. तिथून आवाज यायचे. कधी ठकठक, कधी बाईचे दबके हुंदके. कुणी एक परिचारिका पूर्वी तळ्यात बुडाली, तिला तिथं आणून ठेवलं होतं, असं सगळे सांगायचे. आमचे संचालक कुबात अस्कारोविच ही गोष्ट हसण्यावारी नेत नसत. "तिकडं फिरकू नका. जे आहे ते असू दे," म्हणायचे. एवढा शिकलेला माणूस असं बोलला की आमच्या अंगावर काटा यायचा. मालिश करणाऱ्या पोरी तिथं टिकत नसत. एखादी अचानक, निरोपही न घेता निघून जायची. आम्ही म्हणायचो, भ्याली बिचारी.

त्या जानेवारीत एका दुपारी सायराकुल-एजे लेपगृहात एकटीच चिखलाची भांडी घासत होती. भिंतीतल्या जुन्या पाइपातून हुंदका आला. तिनं नेहमीसारखी, भुतं पळावीत म्हणून, डोंगरातल्या आर्चा झाडाची वाळकी डहाळी पेटवली, तोंडानं दुवा पुटपुटली आणि धूर पाइपाच्या तोंडाशी धरला. धूर वर गेला नाही. कुणीतरी श्वास ओढावा तसा आत ओढला गेला.

आणि पलीकडं भुताला ठसका लागला.

"कसला धूर आहे हा?" पुरुषाचा आवाज. मग बारीक, रडवेला, "जाऊ द्या ना साहेब. पाया पडते."

एजेच्या हातातली डहाळी चिखलात पडली. थोड्या वेळानं पलीकडचं कुलूप वाजलं. वऱ्हांड्यात शिरलेल्या वाफेतून कुबात अस्कारोविच केस सारखे करत, दाराशी आलेल्या एजेच्या अगदी जवळून गेले. त्यांनी तिला पाहिलंच नाही.

संध्याकाळच्या चहाला नवी मालिशवाली बेगायिम आली. पावाला हात लावेना.

"डोळे लाल का गं?" एजेनं विचारलं.

"धूर गेला, एजे."

"कुठं होता धूर?"

बेगायिमनं चहाची वाटी खाली ठेवली. "तिथं भूत आहे ना, एजे? सगळे म्हणतात," एवढंच म्हणाली आणि उठून गेली.

त्यानंतर एजेचं हसणं थांबलं. माझ्याजवळ येऊन बसायची आणि आठवायची. "मधे रडायची तिचा आवाज घोगरा होता बघ. त्याच्या आधी बारीक असायचा. भूत कधी आवाज बदलतं का गं?" ऊब धरून बसलेल्या स्वयंपाकघरात मला थंडी वाजायची.

शेरगाझीच्या छातीत कळ आली होती तेव्हा याच साहेबानं त्याला स्वतःच्या गाडीत घालून, बर्फातून इस्पितळात नेलं होतं. एजेनं सगळं सांगितल्यावर तो म्हणाला, "माझा जीव त्यानं वाचवलाय. आणि तू त्याच्या तोंडावर थुंकायला निघालीस? कोण ऐकणार तुझं? म्हणेल म्हातारीला चळ लागला. पोरगीसुद्धा भूतच म्हणतेय!"

"तुझा जीव वाचवला म्हणून त्याला पोरींचे जीव देऊन टाकू का?" ती म्हणाली खरी, पण गेली नाही. साहेबांच्या दारापर्यंत जायची, हात वर करायची आणि परत फिरायची. मी पाहिलंय तिला.

शेवटी तिनं तोकमोकला फोन लावला, उलकानला. आमची ही आधीची मालिशवाली लग्न ठरलंय म्हणून गेली होती, लग्न काही झालं नव्हतं. एजेनं आडून आडून विषय काढला. उलकान म्हणाली, "एजे, मी भिंत ठोकायचे. तुम्हाला ऐकू यायचं का?"

एजे खोटं बोलली नाही. "यायचं गं," म्हणाली. मग उलकाननं तिच्यासारख्याच निघून गेलेल्या आणखी दोघींची नावं सांगितली. फोन ठेवल्यावर तिनं हात धुतले, पुन्हा पुन्हा धुतले.

धुराच्या प्रकारानंतर साहेबांनाच मौलवी बोलावण्याची कल्पना सुचली. "बायका घाबरतात, एकदा दुवा होऊन जाऊ दे." गुरुवारी मी रीतीप्रमाणे कणकेचे बोरसोक तळले, मेलेल्यांपर्यंत वास पोचावा म्हणून. सगळे त्या बंद दारासमोर जमले. साहेब टोपी घालून पुढं बसले. मौलवींनी डोळे मिटले, मग उघडले.

"नाव काय मयताचं? कुणाच्या नावानं वाचू?"

कुणालाच माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं.

"मी सांगते, मोल्दोके," मौलवींना म्हणत सायराकुल-एजे उभी राहिली. "उलकान. जानिल. सोनुन. पण दुवा नका वाचू. तिघीही जिवंत आहेत."

पाइपात पाणी गुरगुरलं.

साहेब अगदी मायेनं म्हणाले, "एजे, दमलात तुम्ही. शेरगाझी, घरी ने हिला."

शेरगाझी उठला. मला वाटलं, नेतो आता. तो बायकोजवळ जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "दार उघडा, साहेब. बघू द्या."

"किल्ली कधीच हरवली."

"कोटाच्या आतल्या खिशात आहे," मागून बेगायिम म्हणाली. एजेनं तिचं नाव घेतलं नव्हतं. पोरगीची नजर खाली नव्हती. "डाव्या. आणि आत माझा रुमाल आहे, निळा."

मौलवींनी हात पुढं केला. "द्या."

आत एक पलंग होता, विजेची शेगडी, दोन पेले आणि निळा रुमाल. फरशीवर धूळ नव्हती. भिंतीवर, पलंगावरून हात पोचेल तेवढ्याच उंचीवर, चुन्याचे पोपडे निघाले होते.

खटला अजून चालू आहे. जानिल आली नाही, तिच्या नवऱ्यानं येऊ दिलं नाही. आरोग्यधाम वर्षभर बंद राहिलं आणि गावात काहीजण आजही एजेला पाहून रस्ता बदलतात. शेरगाझी आता शाळेचा बॉयलर सांभाळतो. तारीख असली की सायराकुल-एजे भल्या सकाळी गाडीच्या थांब्यावर जाते. तोकमोकहून उलकान येते, शेजारच्या गावातून सोनुन, आणि बेगायिम सगळ्यांसाठी खिडकीकडच्या जागा धरून ठेवते.