मास्तरांचं बोट

"चूक!" असं म्हणून मास्तर एक बोट वर करायचे. आवाज चढवायचे नाहीत, पण बोट असं ताठ, की समोरच्याचा घास घशात अडकावा. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. फरक एवढाच, की बाकीचे चूक दाखवून मोकळे होतात. हे ती दुरुस्त होईपर्यंत बोट खाली घेत नसत.

मी तेव्हा ठाकूरद्वारच्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला होतो. दिवसभर उभं राहून कंबरेचे टाके ढिले व्हायचे. संध्याकाळी खोताच्या वाडीतून घराकडे निघालो, की हे रोझाबायच्या ओट्यावर हजर. रोझाबाय त्यांची घरमालकीण. मास्तरांचं मराठी तिच्याकडूनच शिकलेलं, त्यामुळे बोलणं जेमतेम आणि शिव्या अस्सल.

पोटासाठी ते बड्या घरच्या मुलांना फ्रेंच शिकवत, म्हणून मास्तर. खरे होते टीकाकार. पोलंड नावाच्या आपल्या देशात, तरुणपणी, पेपरांतून कवींची सालटी काढायचे. मग तिथे रशियाच्या राज्याविरुद्ध बंड झालं, ते फसलं, आणि हे परागंदा होऊन कुठे कुठे भटकत गिरगावात येऊन पडले. आमच्याकडे शाळेचे नकाशे छापायला यायचे. मी त्यात पोलंड शोधला. कुठे पत्ता नाही.

"मास्तर, तुमचा देश नकाशात नाही हो."

"चूक," बोट वर. "नकाशाची."

आपल्या भाषेतल्या साहित्याचा इतिहास लिहायचा, हे त्यांचं मोठं काम. जवळ पुस्तक एक नाही, सगळं डोक्यातून. एखाद्या थोर कवीची ओळ आठवली नाही, की कागदावर तेवढी जागा कोरी ठेवायचे आणि दमून डोळे मिटायचे. "इथे फार सुंदर आहे," कोऱ्या जागेवर हात ठेवून मला सांगायचे. "काय आहे, ते गेलं." वर्षानुवर्षं हेच. बघून बघून मलाच थकवा यायचा, त्यांचं काय होत असेल!

मग प्लेग आला. मास्तरांच्या शेजारच्या खोलीत एकाला गाठ आली. सरकारी माणसं आली, त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं, भिंतींना चुना फासला, आणि गाद्या, चटया, कागद जे हाताला लागलं ते वाडीच्या तोंडाशी पेटवून दिलं. इतिहासही त्यातच गेला. रोझाबाय त्या लोकांना शेलक्या शब्दांत झाडत होती. मास्तर अंगावर उडालेली राख झटकत नुसते उभे होते.

त्यानंतर बरेच दिवस ते ओट्यावर दिसले नाहीत. एका दुपारी मात्र थेट छापखान्यात आले. हातात थोडेसेच कागद.

"छापायचं आहे."

"इतिहास पुन्हा लिहिलात?"

"नाही. दमलो. तो दुसरा कोणी लिहील. मोठ्या कवींची पुस्तकं तिकडे आहेत. मी मेलो तरी ते मरत नाहीत. हा मरेल."

हा म्हणजे एक पोरगा, विशीचाही नसेल. त्याने आपल्या कवितांची एकुलती एक वही मास्तरांकडे अभिप्रायाला धाडली होती. मास्तरांची रीत अशी, की कुणाला झोडपायचं तर आधी त्याची कविता पाठ करायची. पाठ न करता टीका करणं त्यांना बेइमानी वाटे. तशी ती वही पाठ केली, आणि पेपरातून पोराला असा झोडपला की गावभर हसं झालं. वही परत केली. पुढे पोरगा बंडात गेला, रानात मारला गेला, घरही वहीसकट जळलं. उरलं ते ह्यांच्या डोक्यात. गंमत बघा, जन्मभर ज्यांची पूजा केली ते कवी विसरले, आणि ज्याला सोलून काढला तो शब्दन् शब्द शिल्लक!

"आता आवडतात का त्या कविता?" मी विचारलं.

"छे! भिकार आहेत. दोन ओळी बऱ्या." मग तोंड फिरवून खोकले. "त्या दोन ओळींबद्दल मी तेव्हा लिहिलं नाही. बाकीचंच लिहिलं. लोक हसावेत म्हणून. चूक." या वेळी बोट त्यांच्याच छातीवर टेकलेलं होतं.

मालकांनी कपाळाला हात लावला. "ही कुठली ब्याद आणलीस रे?" पण प्लेगाने अर्धं गाव पळालेलं, छापखान्यात काम नव्हतं, हो म्हणाले. खिळे इंग्रजीचे वापरले. मास्तरांच्या भाषेतल्या काही अक्षरांना खाली शेपट्या असायच्या, तसे खिळे आमच्याकडे नव्हते. "छापल्यावर मी शाईने काढीन," मास्तर म्हणाले.

मुद्रितं, म्हणजे कच्चे छाप, तपासताना एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने मूळ कागदावर नजर ठेवायची, अशी आमची पद्धत. मास्तरांना कागद लागत नव्हता. भाषा मला ओ की ठो कळत नव्हती. मी आपला अक्षराला अक्षर लावत गिरगावी जिभेने वाचायचो, आणि ते डोळे मिटून ऐकायचे. "चूक!" मी पुन्हा. "चूक!" जीव मेटाकुटीला यायचा. एकदा वैतागून म्हटलं, "अहो, भिकार कवितेचे एवढे लाड कशाला?"

"भिकारच आहे," ते म्हणाले. "पण त्याची आहे. त्यात तुझी नको."

पुस्तक निघालं, हे आत्ताच सांगून टाकतो. पातळसं, बिनशेपट्यांचं. शाईने शेपट्या काढायला कोणी राहिलं नव्हतं. रोझाबायच्या ओळखीच्या पाद्र्याबरोबर गठ्ठा बोटीने रवाना केला. पोचला की नाही, देव जाणे.

शेवटचं मुद्रित मी त्यांच्या खाटेशी बसून वाचलं. ताप प्लेगाचा नव्हता, नुसता थकलेल्या माणसाचा होता. तरी वाडीतलं कोणी उंबरा ओलांडेना. रोझाबाय तेवढी पायथ्याशी माळ जपत बसलेली. सकाळपासून मास्तर बोलले नव्हते, पण बोट चालू होतं. माझं चुकलं की चादरीवरून जरासं उचलायचं. मी मागे जाऊन पुन्हा वाचायचो.

त्या दोन बऱ्या ओळी शेवटच्या पानावर होत्या. पहिली बरोबर गेली. दुसरीत माझी जीभ अडखळली आणि एका शब्दाचा पार चुथडा झाला. मी थांबलो, बोटाकडे पाहिलं. चादरीवर ते तसंच पडून होतं.

"वाच ना रे, का थांबला?" रोझाबाय म्हणाली. तिचं अजून लक्ष गेलं नव्हतं.

"चूक झाली, बाय," मी म्हटलं, आणि ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली.