जळगावची हवा, धुळ्याची हवा

नव्वदीच्या सुरुवातीला मी जळगावला कॉलेजात शिकवत होते आणि नवरा धुळ्याच्या कॉलेजात. सासरी ठरलं होतं, की त्या उन्हाळ्यात माझी पीएच.डी. आटपायची आणि मी नोकरी सोडून धुळ्याला जायचं. विषय कोणी विचारला की माझीच दमछाक व्हायची. आवाजाच्या कितीतरी पट वेगाने जाणाऱ्या यानाला हवेचा पातळ थर चिकटून वाहतो. पुढे कुठेतरी तो बिघडतो, भोवरे उठतात आणि यानाचा पत्रा भलताच तापतो. ते कुठे होतं, हे मी कॉम्प्युटरवर शोधत होते.

जळगावच्या मशीनवर ते कुठेच होईना. हवा आपली शेवटपर्यंत सरळ. शनिवारी त्याच प्रोग्रॅमची फ्लॉपी पर्समध्ये घालून एसटीने धुळ्याला गेले आणि नवऱ्याच्या कॉलेजातल्या नव्या मशीनवर चालवली. तिथे निम्म्या वाटेतच भोवरे. प्रोग्रॅममधलं अक्षरही मी बदललं नव्हतं.

“धुळ्याची हवाच तशी,” नवरा म्हणाला. मला हसू आलं नाही, रडू येत होतं.

सोमवारी माझ्या मार्गदर्शक सरांना दोन्हीकडच्या उत्तरांचे छापील कागद दाखवले.

“हवा बिघडायला आधी बारीकसा धक्का लागतो. तुम्ही तो काय दिलात?”

“काहीच नाही, सर.”

“मग मशीन आकड्यांची दशांशानंतरची शेपटं तोडतं, प्रत्येक आपापल्या पद्धतीनं. तेवढ्या धक्क्यानंच हवा बिघडली असेल. आता वेळ नाही. एक उत्तर धरा आणि लिहून टाका.”

‘असेल’वर प्रबंध कसा लिहायचा? जळगावचं धरावं तर पत्रा थंड, धुळ्याचं धरावं तर लालबुंद. पुढच्या शनिवारपर्यंत डोक्याचं पार भजं झालं.

त्या रात्री धुळ्याला जेवताना सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, प्रबंध सगळा झाला का म्हणून विचारलं, “व्हयनं का बठ्ठं?”

एक वर्ष आणखी मागायचं तर आजच, हे मला कळत होतं. मी घाबरत दोन उत्तरांचं सांगितलं.

“मंग खरं कोनतं शे?”

“माहीत नाही, नाना.”

सासूबाईंचा हात भाकरीवर थांबला. नानांनी भाकरीचा तुकडा मोडला.

“आखो एक वरीस थांब माय. खोटं लिखीसन येवू नको.”

मला हायसं वाटायला हवं होतं. पण तसं वाटेना. वर्षभराने नाना पुन्हा हेच विचारतील आणि तेव्हाही मला माहीत नसेल, याचीच मला भीती वाटत होती.