अप्पांना मी वेस्टर्न सांगायचे

माझे सासरे आंधळे होऊन गेले.

श्रद्धांजलीच्या पोस्टमध्ये असं कोणी लिहीत नाही. मी लिहितेय. आज एक वर्ष झालं.

सासूबाई गेल्यावर अप्पा सोलापूरहून आमच्याकडे सिंगापूरला, सेंगकांगला आले. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले, कमी बोलणारे. पहिले दोन महिने आम्ही एकमेकांशी फक्त चहा आणि औषधं यावर बोललो.

मग त्यांना केबलवर जुन्या वेस्टर्न सिरियल्सचा चॅनल सापडला.

काऊबॉय, धूळ, शेरीफ, ब्लॅक अँड व्हाइट घोडे. दिवसभर रिपीट.

"तरुणपणी सोलापुरात रविवारी मॅटिनीला इंग्रजी पिक्चर लागायचे," ते म्हणाले. "एक अक्षर कळायचं नाही. पण घोडा कळायचा."

शनिवारी सकाळी मी पोह्यांची डिश घेऊन शेजारी बसायला लागले. पोहे संपले तरी उठायचे नाही.

"ते दार बघ. गेल्या आठवड्यात बँकेचं होतं. आज शेरीफच्या ऑफिसचं. सेट एकच."

"हा परवा मेला होता. आज मिशी लावून परत आलाय."

"पिस्तूल सहा गोळ्यांचं. यानं आठ झाडल्या. मी मोजल्या."

आठवड्याला एखादी तरी चूक ते पकडायचेच. मी ऑफिसला जाताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, त्या जुन्या सिरियल्सबद्दल वाचायचे, संध्याकाळी त्यांना प्रश्न टाकायला. बहुतेक वेळा उत्तर त्यांना आधीच माहीत असायचं.

माझ्या माहेरी वडील माझ्याशी इतकं कधी बोलले नव्हते.

मग डोळे. आधी म्हणाले, स्क्रीनच्या मधोमध डाग पडलाय. मी टीव्ही पुसला. डाग त्यांच्या डोळ्यांत होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. डोळ्यांत इंजेक्शनं झाली, दोन डॉक्टर झाले.

दुसऱ्या डॉक्टरबाई खूप चांगल्या होत्या. त्यांनी फाइल मिटली आणि म्हणाल्या, आता घरात रेलिंग बसवून घ्या.

त्या वर्षी हेझ होता, शेजारच्या देशातल्या जंगलांच्या आगीचा धूर. खिडक्या बंद, एअर प्युरिफायर चालू, आणि आम्ही दोघं टीव्हीसमोर. मी सांगायचे, ते ऐकायचे.

"एक माणूस घोड्यावरून येतोय."

"कुठल्या बाजूनं?"

"डावीकडून. काळी टोपी."

"काळी असली तरी तो चांगला आहे. पुढं बघ."

कधी दमून यायचे आणि अर्धंमुर्धं सांगायचे. ते म्हणायचे,

"ज्योती, तू फोन बघतीयेस."

बघत असायचे.

हळूहळू कडेचंही गेलं. त्यांनी प्रश्न विचारणं सोडलं. मी एखादी चूक शोधून सांगितली तर "असेल," म्हणायचे. एका रविवारी जेवताना नितीनला, माझ्या नवऱ्याला, म्हणाले, "मला सोलापूरला नेऊन सोड."

"अप्पा, तिथं तुमच्याकडे कोण बघणार?"

"इथं मी तरी काय बघतोय?"

आमची मुलगी सई तेव्हा नऊ वर्षांची. तिनं विचारलं, "आजोबा गोइंग बॅक आह?" सोलापूरचं घर आम्ही विकलं होतं. हे त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी आणखी तीनदा विचारलं. मग तेही बंद केलं.

आता तो दिवस.

मी बुओना व्हिस्टाच्या ऑफिसातून रोज अकराला त्यांना फोन करायचे. जेवण कुठल्या डब्यात आहे, गोळी घेतली का, एवढंच. त्या दिवशी त्यांनी फोन उचलला नाही. मला वाटलं, टीव्हीचा आवाज मोठा असेल. मी मीटिंगला गेले. मीटिंगनंतर जेवले.

मी परत फोन केला नाही.

दोनला सईचा फोन आला. शाळेतून घरी आली होती.

"मम्मी, आजोबा फ्लोअरवर आहेत. ही नॉट आन्सरिंग मी."

स्ट्रोक. उजवी बाजू गेली, वाचा गेली. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरनं विचारलं, पडून किती वेळ झाला असेल? लवकर आणलं असतं तर काही करता आलं असतं, हे त्यांनी अगदी हळू आवाजात सांगितलं.

मी टॅबलेटवर त्यांचे आवडते एपिसोड घेऊन गेले. वॉर्डात त्यांच्या कानाशी बसून सांगत राहिले. गाव आलं. घोडा आला. बाई पायरीवर उभी आहे.

तिसऱ्या दिवशी त्यांनी डाव्या हातानं टॅबलेट ढकलला.

चुकून लागला असेल, म्हणून मी परत लावला. त्यांनी परत ढकलला आणि तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतर माझ्याकडे वळवलं नाही.

अकरा दिवस काढले. गेले ते सकाळी. मी एमआरटीत होते.

खूप जणांनी लिहिलं, सुटले बिचारे. प्रेमानं लिहिलं, मला कळतं. पण ते सुटले नाहीत. ते आठ वाजल्यापासून पडले होते की दहा, की अकराचा फोन वाजत असताना त्यांना ऐकू येत होता, हे मला आता कधीच कळणार नाही.

अकराच्या फोनचं मी नितीनला त्यांच्या तेराव्याला सांगितलं.

तो "बरं" म्हणाला आणि ताटं उचलायला लागला.

वर्ष झालं. आम्ही बोलतो, सईची शाळा, भाजी, फ्लॅटचं काँट्रॅक्ट. त्याबद्दल तो अजून एक शब्द बोललेला नाही. मीही परत काढलेलं नाही.

अप्पा, तुम्ही माझ्यावर विसंबला होतात. मी कमी पडले.

तुमच्या सुनेचा नमस्कार.