देवगडला दोन पोती वाळू

२०२५ साल. मी त्र्याहत्तर वर्षांचा, आणि दादू माझ्यापेक्षा चार महिन्यांनी लहान. सकाळी दाढी करत होतो, तोंडाला साबण होता, तेवढ्यात त्याच्या बायकोचा, सुमनवहिनीचा, देवगडहून फोन आला. "भावजी, तुमचा दोस्त गेला..." समुद्रावर फिरून आला, ओट्यावर बसला, चहा मागितला आणि चहा येईपर्यंत संपला. फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं ते खरं सांगतो. रडू आलं नाही. मनात आलं, मरायलासुद्धा ह्याला समुद्रासमोरचा ओटा मिळाला!

वाचणाऱ्याला वाटेल, म्हातारा दुष्ट आहे. वाटू दे. चौथी नापास माणसाचं लिहिणं आहे, पण सांभाळून घ्या असं मी म्हणणार नाही. शिरोलीच्या फाउंड्रीत मी आणि दादू अडतीस वर्षं समोरासमोर बसून साचे भरले. लोखंडाचा पंप असो की ट्रॅक्टरचा भाग, आधी त्याचा साचा काळ्या वाळूत भरायचा, मग त्यात वितळलेला रस ओतायचा. सगळा खेळ वाळूचा. वाळू मुठीत घ्यायची, आवळायची, मूठ उघडायची आणि तो गोळा मधोमध मोडायचा. कड धारदार राहिली तर वाळूत दम आहे. भुगा झाला तर परत मळायची. पुढं कंपनीनं ओल मोजायचं यंत्र आणलं. यंत्र एक सांगायचं, दादूची मूठ दुसरं. शेवटी साहेब दादूलाच विचारायचे. मला नाही विचारायचे. माझी मूठ काही वाईट नव्हती... पण विचारायचे त्यालाच. तिथून माझं पोटात दुखणं सुरू झालं असावं.

काम सुटलं तेव्हा राहायचं कुठं, हा प्रश्न दोघांनाही आला. मी पेठ वडगावात दोन घरं बघून ठेवली होती, मधे एकच भिंत. वडगाव म्हणजे मधलं गाव. सकाळी स्टँडवर उभं राहिलं की कोणी कोल्हापूरला निघालेलं, कोणी वारणानगरला, कोणी इचलकरंजीला. संध्याकाळी सगळी परत. दवाखाना जवळ, सोमवारचा बाजार दारात, लेकी-सुना तासाभरावर. दादूला घर दाखवायला नेलं. त्यानं ती मधली भिंत थापटून बघितली आणि म्हणाला, "भिंत चांगली हाय, शिरपा. पर मी देवगडला जातोय."

मला वाटलं चेष्टा करतोय. "देवगडला कोण हाय तुझं?"

"कोण न्हाय. अडतीस वर्षं भट्टीकडं तोंड करून उभा ऱ्हायलोय. आता तोंडावर वारा पायजे."

"वारा वडगावात येत न्हाय व्हय? मासळीच्या वासानं मरशील लेका. आणि रात्री-अपरात्री काय झालं तर कोण हाय तितं?"

"तू चल की. तितं बी दोन खोल्या शेजारी शेजारी हाईत."

मी म्हणालो, मला वेड लागलेलं नाही. घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, दादूला चार शिव्या दिल्या. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्हालाबी जायचं हाय, म्हणून एवढा राग." त्या दिवशी मी जेवलो नाही.

मग बारा वर्षं तो तिथं आणि मी इथं. वर्षातून एकदा यायचा. उन्हानं काळा पडलेला, पोट उतरलेलं, आणि सगळ्यात जास्त काय झोंबलं असेल तर त्याचा खोकला गेला होता. भट्टीचा धूर आणि वाळूची धूळ खाऊन आम्ही दोघंही खोकायचो, एका सुरात. आता मी एकटाच खोकायचो आणि तो माझ्याकडं बघत बसायचा. जाताना दर वेळी म्हणायचा, "ये की मर्दा एकदा." मी म्हणायचो, बघू. गेलो नाही. एकदाही नाही.

आणि जी गोष्ट सांगायला बसलोय ती ही. तिथं एक जयवंत तांडेल होता, होडीवाला. दादूच्या फोनमधे सारखा तोच असायचा... जयवंत असं म्हणाला, जयवंतानं हे आणलं. ह्या जयवंताच्या जाळ्यांना दादू वजनं करून द्यायला लागला. जाळं खाली बसावं म्हणून शिशाची वजनं लावतात, ती. म्हाताऱ्याचा हात स्वस्थ बसेना, दुसरं काय. पण साचा भरायला वाळू धड नाही. मला फोन केला, "शिरपा, दोन पोती काळी वाळू पाठीव की. हितल्या वाळूला दम न्हाय. कितीबी आवळ, मूठ उघडली की सुटली."

"समुद्र घेतलास न्हवं? मग त्यातलीच वापर," मी म्हणालो.

हसला. दुसऱ्या महिन्यात परत मागितली. फाउंड्री माझ्या घरापासून वीस मिनिटांवर, तिथला सुपरवायझर माझ्या हाताखाली शिकलेला. शब्द टाकला असता तर पोती घरपोच आली असती. पण माझी वाळू त्या जयवंताच्या जाळ्याला? म्हणालो, "पाहिजे तर येऊन घेऊन जा." तिसऱ्यांदाही तेच म्हणालो. मग त्यानं मागितली नाही.

दादू गेल्यावर त्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला देवगडला गेलो. दादूचं घर बौद्ध. भंते आले, वंदना झाली, मग रिवाजाप्रमाणं एकेक जण उठून दादूविषयी बोलायला लागला. शाळेचे मास्तर बोलले, दुकानदार बोलला. मला ह्यातलं एक माणूस ओळखीचं नाही आणि सगळे माझ्या दादूबद्दल सांगतायत. वहिनींनी मला खूण केली. मी मान हलवली, उठलो नाही. काय सांगणार होतो? पाठीमागच्या दारानं बाहेर आलो. पडवीत त्याची लाकडी साच्याची पेटी, शिसं वितळवायचं भांडं आणि एका टोपलीत दहा-बारा वजनं होती. एक उचललं. सगळ्या अंगाला खडे उठलेले, एक बाजू बसकी, कड तुटलेली. दादूच्या हातचं इतकं ओंगळ काम मी जन्मात बघितलं नव्हतं. आमच्याकडं असला माल भट्टीत परत टाकायचे. साहेब ज्याच्या मुठीला विचारायचे त्याचं हे काम... आणि कोणामुळं, ते माझं मला ठाऊक.

मागून कोणीतरी म्हणालं, "तुमीच ते शिरपा?" लुंगी, पांढरा सदरा, डोळे लाल. मी ओळखलं.

"व्हय. तू जयवंत."

"बारा वर्सां तुमचां नाव आयकान माझे कान किटले," तो म्हणाला. "जेवताना शिरपा, होडीत शिरपा. मी एवढां करूनय ह्याच्या तोंडात शिरपाच. माका तुमचो भारी राग यायचो." त्यानं टोपलीकडं बोट केलं. "दर येळी वजन साच्यातसून काढल्यान की म्हणायचो, शिरपान वाळू धाडल्यान की बघ, आरशासारखां करून देतंय."

म्हणजे तीनदा मागूनही मी वाळू दिली नाही, हे दादूनं त्या माणसाला कधी सांगितलंच नव्हतं. शिरपा पाठवील, असंच सांगत राहिला.

मी म्हणालो, "ह्यातलं एक मला दे. घरी ठेवतो."

"देवचंय नाय." त्यानं माझ्या हातातलं वजन काढून घेतलं, टोपलीत ठेवलं आणि टोपली स्वतःच्या पायाशी ओढली. "बारा वर्सांत एकदा इलात नाय. आता मागतात? माझ्या जाळ्याक लागतत ती."

"ही खडबडीत हाईत. जाळं फाटंल."

"फाटांदे. शिवीन."

दुसरं कोणी असं तोडून बोललं असतं तर मी तिथंच भांडलो असतो. पण खरं सांगतो, त्याच्या जागी मी असतो तर मीही दिलं नसतं. म्हणालो, "पन्नास नवी करून देतो, आरशासारखी. मग एक देशील?"

त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "आधी आणा," म्हणाला.

संध्याकाळच्या आत वडगावला परत आलो. बायकोनं विचारलं, कसं झालं. मी म्हणालो, समुद्र चांगला आहे. तिनं ताट वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाउंड्रीच्या दारात जाऊन उभा राहिलो. सुपरवायझर म्हणाला, "आण्णा, पोरं भरत्यात, तुम्ही बसा." बसलो नाही. वाळू मुठीत घेतली, आवळली, मूठ उघडली, गोळा मोडला. भुगा. परत पाणी मारायला लावलं, परत मळायला लावलं. चौथ्या मुठीला कड धारदार आली. मग माझ्या हातानं दोन पोती भरली, रिक्षात घातली आणि कोल्हापूरच्या स्टँडवर देवगडची गाडी गाठली. कंडक्टर तरुण होता. पोती चाचपून म्हणाला, "आजोबा, काय हाय ह्यात?"

"वाळू."

"देवगडला वाळू? तितं समुद्रावर काय कमी हाय व्हय?"

"तितल्या वाळूला दम न्हाय, पावणं," मी म्हणालो, आणि तिकीट काढलं.