शिराळ्याला गेलेली टोपी

परवा नव्या स्टँडकडे निघाले होते. साताऱ्याच्या पेठेत एक जुना टेम्पो धूर सोडत गेला आणि त्या वासासरशी इथे पूर्वी लागणाऱ्या गाड्या आठवल्या. आता नुसती मोबाईलची दुकानं! तेव्हा गाडी थांबायच्या आतच लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचे.

लग्नानंतर पहिल्यांदाच माहेरी, औंधला, चालले होते. आमच्या यांनी गर्दीत घुसून डोक्यावरची टोपीच खिडकीतून सीटवर टाकली. आम्ही दाराशी पोचतो तोवर कंडक्टर ओरडला, "शिराळा, शिराळा!" गाडी टोपी घेऊन गेली. बोडक्या डोक्याने हे हसले, "टोपी गेली तर जाऊ दे. तू ऱ्हायलीस, लय झालं." चारचौघांत हसं झालं म्हणून मी औंधपर्यंत यांच्याशी बोलले नाही. केवढा प्रवास वाया घालवला!

हे गेल्यापासून एकटीच जाते. परवाची गाडी अर्धी रिकामी होती, तरी मी शेजारच्या सीटवर रुमाल टाकला.

"मावशी, हितं कोण येणार हाय?" कंडक्टरने विचारलं.

"कोण न्हाई," म्हणाले. रुमाल मात्र औंधपर्यंत उचलला नाही.